सायलेन्सरमधून पांढरा धूर: इंजिन उघडण्याआधी काय काय बघायचं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. पेट्रोलची गाडी, बऱ्यापैकी चाललेली. सकाळी पहिल्यांदा सुरू केली की सायलेन्सरमधून पांढरा धूर येतो. थोड्या वेळाने कमी होतो, पण सिग्नलला उभं राहिल्यावर अधूनमधून पुन्हा दिसतो. कूलंटच्या (इंजिन गार ठेवणाऱ्या द्रवाच्या) बाटलीतली पातळी महिन्याभरात खाली गेली आहे, जमिनीवर डाग मात्र कुठेच नाही. गॅरेजमध्ये धूर बघूनच सांगितलं की हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधलं पातळ सील) गेलं, इंजिन उघडावं लागेल. तर उघडावं का?

नुसता धूर बघून कोणी इंजिन उघडायला सांगत असेल, तर उघडू नका. निदान बरोबर असूही शकतं. तुमच्या वर्णनात पातळी उतरण्याचा जो उल्लेख आहे, तो मला धुरापेक्षा जास्त महत्त्वाचा वाटतो. पण हेड खोलायच्या आधी करता येतील अशा तपासण्या भरपूर आहेत, आणि त्यातल्या निम्म्या तुम्ही घरीच करू शकता. पांढऱ्या रंगावरून एवढंच कळतं की काहीतरी द्रव बारीक थेंबांच्या रूपात बाहेर पडतोय. तो पाणी असेल, कूलंट असेल, न जळलेलं डिझेल असेल, कधी ऑइल, कधी चक्क ब्रेक ऑइल. यातलं नेमकं काय, हे तीन गोष्टींवरून ठरतं: धूर कधी येतो, किती वेळ हवेत टिकतो आणि गाडीतली कुठली पातळी उतरते.

आधी निरुपद्रवी धूर बाजूला काढू, कारण विचारणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांच्या गाडीला काहीच झालेलं नसतं. पेट्रोल जळलं की त्यातून पाणी तयार होतं. किती? एक लिटर पेट्रोलमागे जवळजवळ एक लिटर. गाडी गरम असताना हे पाणी न दिसणारी वाफ होऊन निघून जातं. सकाळी सायलेन्सरचा डबा आणि पाइप गार असतात, तेव्हा हीच वाफ आत थिजते, थेंब होऊन टपकते आणि बाहेरच्या गार हवेत ढगासारखी दिसते. थंडी आणि दमट हवा असेल तर जास्तच. सीएनजीच्या गाडीत हा प्रकार अजून ठळक असतो, कारण त्या वायूत हायड्रोजनचं प्रमाण जास्त. तेवढ्याच अंतराला पाणीही जास्त बनतं. रोज दोन-चार किलोमीटरच चालणाऱ्या गाडीचा सायलेन्सर कधी पुरता तापतच नाही, आत पाणी साचत राहतं आणि डबा आतून गंजतो. काही डब्यांना खाली बारीक भोक दिसतं, ते पाणी निचरायलाच ठेवलेलं असतं. गळती समजून ते बुजवू नका.

वाफ आणि धूर यांत फरक कसा करायचा? पाइपच्या तोंडापासून बाहेर बघत जा. साधी वाफ काही फुटांवर विरून जाते, मागे काही उरत नाही. कूलंट, ऑइल किंवा डिझेलचा धूर रेंगाळतो, गाडीमागे पट्टा धरतो, वारा नसेल तर पार्किंगमध्ये तरंगत राहतो. दुसरं, वास. जवळ जाऊन छाती भरून घ्यायचा नाही. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि बंद जागेत तर गाडी चालू ठेवायचीच नाही. हाताने वारा घातल्यासारखा थोडा अंगावर घेतला तरी कळतं. कूलंटचा वास गोडसर, काहीसा सिरपसारखा, कारण बहुतेक कूलंटमध्ये इथिलीन ग्लायकॉल असतं. (हे विषारी असतं आणि गोड चवीमुळे कुत्री-मांजरं ते चाटतात, तेव्हा सांडलेलं कूलंट लगेच धुऊन टाका.) न जळलेल्या डिझेलचा वास उग्र, डोळ्यांना झोंबणारा. ऑइलचा जळका, तेलकट.

तिसरी तपासणी मला जास्त भरवशाची वाटते. एक कोरा पांढरा कागद किंवा स्वच्छ काचेचा तुकडा पाइपच्या तोंडापासून वीतभर अंतरावर थोडा वेळ धरा, मग वाळू द्या. नुसतं पाणी असेल तर डाग राहत नाही, फार तर काजळीचे काळे ठिपके. ऑइल असेल तर कागद पारदर्शक तेलकट होतो. कूलंटचा थेंब बोटांत चोळला की किंचित बुळबुळीत, चिकट लागतो.

आता तुमच्या गाडीकडे. वेळ कशी बघायची ते सांगतो. सकाळी इंजिन पूर्ण गार असताना सुरू करा आणि घड्याळ बघा. हवा कितीही गार असली तरी तापमानाचा काटा त्याच्या नेहमीच्या जागी आल्यावर आणि त्यानंतर दहा-पंधरा मिनिटं रस्त्यावर नीट चालवल्यावर सायलेन्सर कोरडा व्हायला हवा. त्यानंतरही आयडलिंगला (गाडी उभी, इंजिन चालू) पांढरं दिसत असेल, रेस दिल्यावर झोत येत असेल आणि ती हवा काही कडाक्याची थंड नसेल, तर पाणी इंजिनच्या आतून येतंय असं धरायला हरकत नाही. मेकॅनिकच्या भाषेत, गाडी पाणी पितेय.

पण थांबा, पातळी उतरतेय याचा अर्थ ती सिलिंडरमध्येच जातेय असा नाही. वॉटर पंपाच्या सीलमधून झिरपलेलं कूलंट गरम ब्लॉकवर पडताच उडून जातं, जमिनीवर डाग पडत नाही. रेडिएटरच्या झाकणाचं रबर कडक झालं असेल तर थोडं थोडं वाफेने जातं. डॅशबोर्डमागच्या हीटरच्या जाळीतून गळत असेल तर पाणी कार्पेटखाली मुरतं. काचेवर आतून तेलकट धुकं धरतं का, पायाखालचं कार्पेट ओलं आहे का, हे हात घालून बघा. वाळलेल्या कूलंटचा पांढरा, गुलाबी किंवा हिरवा खार होजच्या तोंडांशी, पंपाच्या खाली आणि थर्मोस्टॅटच्या (इंजिन तापल्यावर रेडिएटरकडे पाणी सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) डब्याभोवती शोधा. टॉर्च आणि छोटा आरसा पुरतो.

पातळी मोजायची तर रोज सकाळी गार इंजिनवर, सपाट जागेवर, बाटलीवर मार्कर पेनने रेघ मारून. गरम झाल्यावर कूलंट फुगून पातळी वर दिसते, त्यावरून काही ठरवू नये. आणि गरम इंजिनाचं रेडिएटरचं झाकण उघडायचं नाही, कितीही घाई असली तरी. झाकण साधारण एक बारचा दाब धरून ठेवतं, म्हणूनच आतलं पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सुटलं की दाब क्षणात जातो आणि सगळंच उकळून अंगावर येतं.

हेड गॅस्केटमधून पाणी आत कसं जातं हे समजलं तर लक्षणं आपोआप जुळतात, म्हणून यावर थोडा वेळ घालवतो. ब्लॉक खाली, हेड वर, मध्ये गॅस्केट. हल्ली बहुतेक गाड्यांत ते स्टीलच्या पातळ पत्र्यांचे थर एकावर एक ठेवून केलेलं असतं. त्या एकाच पत्र्याला तीन गोष्टी वेगळ्या ठेवायच्या असतात: सिलिंडरमधला जाळ, कूलंटच्या वाटा आणि ऑइलच्या वाटा. गाडी एकदा जोरात गरम झाली की अॅल्युमिनियमचं हेड फुगतं. ओतीव लोखंडापेक्षा अॅल्युमिनियम साधारण दुप्पट प्रसरण पावतं, त्यामुळे ब्लॉक लोखंडी असेल तर दोघांत ओढाताण होते, हेडला बाक येतो आणि बोल्टची पकड सैलावते. गॅस्केट सहसा आपणहून जात नाही, त्याला काहीतरी निमित्त असतं: फाटलेला होज, बंद पडलेला पंखा, अडकलेला थर्मोस्टॅट, वर्षानुवर्षं न बदललेलं कूलंट किंवा नुसतं नळाचं पाणी ओतून आतून धरलेला गंज. ‘पूर्वी कधी गाडी गरम झाली होती का’ हा प्रश्न मी सगळ्यात आधी विचारतो. उत्तर ‘हो, एकदा काटा लाल पट्ट्यात गेला होता, पण पाणी टाकलं आणि घरी आणली’ असं आलं की माझा संशय पक्का व्हायला लागतो.

गाडी चालू असताना सिलिंडरमधला जळणाचा दाब कूलिंग सिस्टीमच्या दाबाच्या कित्येक पट असतो, म्हणून फट असेल तर गॅस सिलिंडरकडून कूलंटकडे ढकलला जातो. इंजिन बंद केलं की उलटं होतं. सिलिंडरमध्ये दाब उरत नाही, कूलिंग सिस्टीममध्ये मात्र गरम असेपर्यंत राहतो. मग कूलंट थेंब थेंब सिलिंडरमध्ये उतरतं आणि रात्रभर पिस्टनवर साचतं. सकाळी सेल्फ मारला की त्या एका सिलिंडरचा प्लग भिजलेला, म्हणून गाडी थरथरत सुरू होते, मिसिंग करते (म्हणजे त्या सिलिंडरमध्ये इंधन पेटत नाही), पांढरा लोट सोडते आणि मिनिटभरात सुधारते. सकाळचं मिसिंग अधिक पांढरा धूर अधिक उतरणारी पातळी, हे त्रिकूट एकत्र आलं तर गॅस्केट किंवा चिरलेलं हेड यापलीकडे फार काही उरत नाही. तुमच्या प्रश्नात मिसिंगचा उल्लेख नाही, म्हणून उद्या सकाळी नीट लक्ष द्या. पहिली काही सेकंदं गाडी तीन पायांवर चालल्यासारखी वाटते का?

याच्या पुढची पायरी वाईट असते. पिस्टनवर साचलेलं पाणी जास्त झालं तर ते दाबलं जात नाही, पिस्टन वर येताना अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. सेल्फ मारल्यावर ‘ठक्’ होऊन इंजिन अडलं तर पुन्हा पुन्हा सेल्फ मारू नका. सगळे प्लग काढून मगच इंजिन फिरवून बघायचं.

आता घरी करता येण्यासारखी एक छान तपासणी. गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण काढा (काही गाड्यांत रेडिएटरला झाकणच नसतं, तिथे बाटलीचं), कूलंट काठाशी भरा आणि गाडी सुरू करा. सुरुवातीला अडकलेली हवा निघते, ते बुडबुडे सोडून द्या. थर्मोस्टॅट उघडण्याआधीच बारीक बुडबुड्यांची न थांबणारी माळ येत असेल आणि हलकी रेस दिल्यावर ती वाढत असेल, तर तो जळलेला गॅस आहे. दुसरी खूण वरच्या होजची. गार गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटांतच, पाणी कोमट व्हायच्या आत, वरचा होज दगडासारखा टणक लागतो. गरम पाण्याचा दाब इतक्या लवकर येत नाही. पंखा आपोआप चालू होऊ शकतो, तेव्हा बाह्या आणि हात सांभाळून.

ऑइलच्या झाकणाखालच्या पांढऱ्या लोण्यासारख्या थराबद्दल दोन शब्द, कारण तो बघून लोक घाबरतात. थोड्या अंतराच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत ऑइल पुरतं तापत नाही, आतली वाफ झाकणाखाली थिजून ऑइलशी घुसळली जाते आणि तो थर जमतो. झाकणाखाली थर आहे पण डिपस्टिकवर ऑइल स्वच्छ आहे, पातळी वाढलेली नाही, तर गाडी तासभर हमरस्त्यावर चालवा, थर पुसा आणि आठवड्याने बघा. डिपस्टिकवरच दुधाळ, चहाच्या रंगाचं ऑइल असेल आणि पातळी वर चढली असेल तर मात्र गाडी तिथेच बंद. बेअरिंगना असं ऑइल फार काळ सहन होत नाही. आणि याची उलट बाजूही लक्षात ठेवा: ऑइल अगदी स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट ठीक आहे असं होत नाही. फट फक्त सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेमध्ये असेल तर ऑइलला कळतही नाही. ‘ऑइल चांगलं आहे, मग गॅस्केट नसणार’ हे मी इतक्या वेळा ऐकलंय की आता वाद घालत नाही, सरळ प्लग काढून दाखवतो.

प्लग खरंच बोलतात. चारही काढून क्रमाने मांडा. नीट चाललेल्या इंजिनात सगळ्यांची टोकं फिकट तपकिरी, एकसारखी असतात. पाणी पिणाऱ्या सिलिंडरचा प्लग वेगळा उठून दिसतो: पांढराशुभ्र, धुऊन ठेवल्यासारखा. वाफेने त्याच्यावरचा थर निघालेला असतो. त्याच भोकातून एंडोस्कोप कॅमेरा घातला तर पिस्टनचा माथाही तसाच लख्ख दिसतो, आणि शेजारच्या पिस्टनवर काळा कार्बन. एवढं दिसलं की कुठला सिलिंडर हा प्रश्न संपला. मोबाइलला जोडायचे बारीक कॅमेरे यासाठी पुरतात.

यानंतर गॅरेजमध्ये करून घ्यायच्या चाचण्या. पहिली, रासायनिक. निळ्या द्रावाची काचेची नळी रेडिएटरच्या तोंडावर बसवून आतली हवा त्यातून ओढतात. कूलिंग सिस्टीममध्ये जळणाचा कार्बन डायऑक्साइड असेल तर पेट्रोलच्या गाडीत द्राव पिवळा पडतो, डिझेलमध्ये बऱ्याचदा हिरव्यावरच थांबतो. कूलंट थोडं खाली काढून मग नळी लावावी. द्रावात कूलंट शिरलं की चाचणी वाया. एकदा निळा राहिला म्हणून खात्री समजू नये. फट बारीक असेल तर ती इंजिन पूर्ण तापल्यावर किंवा भार आल्यावरच उघडते, म्हणून चढावर चालवून आणून पुन्हा करावी.

दुसरी, दाबाची. गार सिस्टीमला हातपंपाने झाकणावर लिहिलेल्या दाबाइतकी हवा भरायची आणि काटा बघत बसायचं. बाहेर कुठे थेंब नाही आणि काटा मात्र उतरतोय, तर पाणी आत जातंय. माझी पद्धत अशी की दाब भरून गाडी काही तास तशीच ठेवतो, मग प्लग काढतो, इंधन आणि इग्निशन बंद करतो आणि सेल्फ मारतो. दोषी सिलिंडरच्या भोकातून कूलंटचा फवारा उडतो. त्या वेळी बोनेटवर वाकून उभं राहायचं नाही.

तिसरी कॉम्प्रेशन आणि लीकडाउनची. कॉम्प्रेशनमध्ये शेजारशेजारचे दोन सिलिंडर कमी दाब दाखवत असतील तर गॅस्केट त्या दोघांच्या मधल्या अरुंद पट्टीवर जळलेलं असण्याची शक्यता मोठी. लीकडाउनमध्ये पिस्टन वरच्या टोकाला ठेवून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडतात. हवा रेडिएटरमध्ये बुडबुडे काढते का, ऑइलच्या तोंडातून फुसफुसते का, की सायलेन्सरमधून ऐकू येते, त्यावरून वाट कळते.

या तिन्हींपैकी दोन चाचण्या एकच गोष्ट सांगत असतील तर खुशाल हेड उघडा. एकही न करता उघडू देऊ नका.

याचं कारण असं की गॅस्केटसारखंच नाटक करणारे इतर भाग आहेत. एक गाडी माझ्याकडे आली होती, दुसरीकडे गॅस्केट बदलून झालेली, धूर जसाच्या तसा. कूलंट उतरत नव्हतं, ऑइल नव्हतं उतरत, आणि पांढरा धूर मात्र ब्रेक मारल्यावर वाढायचा. ब्रेक ऑइलची डबी उघडली तर तळाशी गेलेली, चाकांपाशी कुठेच गळती नाही. मास्टर सिलिंडरचं मागचं सील गेलं होतं. ब्रेक ऑइल बूस्टरमध्ये (इंजिनाच्या व्हॅक्यूमवर ब्रेकला जोर देणाऱ्या डब्यात) उतरत होतं आणि इंजिन आपल्या व्हॅक्यूमच्या नळीतून ते ओढून जाळत होतं. बूस्टरची नळी काढली तर आतून ओली. हा दोष क्वचित सापडतो, पण इथे प्रश्न नुसत्या धुराचा नसून ब्रेकचा आहे, म्हणून पांढऱ्या धुराच्या प्रत्येक गाडीत मी ती डबी बघतोच. तुम्हीही बघा, अर्धं मिनिट लागतं.

टर्बो असलेल्या गाडीत टर्बोचं ऑइल परत जाण्याची नळी तुंबली किंवा सील झिजलं तर ऑइल थेट तापलेल्या एक्झॉस्टमध्ये पडतं. पुस्तकात ऑइलचा धूर निळा लिहिलेला असतो. असा थेट गरम पाइपवर पडलेल्या ऑइलचा धूर दाट, पांढुरका दिसतो, निळी झाक फक्त उन्हात नीट कळते. बराच वेळ आयडलिंगला उभी राहून गाडी निघाली की ढग सोडते. इथे कूलंट जागच्या जागी असतं आणि डिपस्टिक उतरते. म्हणूनच सुरुवातीपासून पातळीवर इतका भर देतोय.

डिझेल गाडी असेल तर आधीच्या बऱ्याच गोष्टी बाजूला ठेवून सुरुवात वेगळीकडून करावी लागते. डिझेलला प्लगची ठिणगी नसते. दाबून तापलेल्या हवेत ते आपोआप पेटतं. हवा पुरेशी तापली नाही तर नोझलने मारलेला फवारा न जळता बारीक तुषार होऊन बाहेर पडतो, तोच पांढरा धूर. सकाळी सुरू व्हायला कुरकुर, मग मिनिटभर पांढरा उग्र धूर, नंतर सगळं ठीक: हीटर प्लग (गार इंजिन सुरू करताना सिलिंडरमधली हवा तापवणारे) बघा. वायर काढून मल्टिमीटरने प्रत्येकाचा रोध मोजा. चांगला प्लग साधारण अर्धा ते दोन ओहम दाखवतो, जळालेल्यातून वीज जातच नाही, मीटर सर्किट तुटल्याचं दाखवतो. हीटर प्लग ठीक असूनही गाडी गरम झाल्यावर धूर जात नसेल तर गळणारी नोझल, उशिरा होणारं इंजेक्शन, इंधनात शिरलेली हवा किंवा पाणी, आणि सगळ्यात शेवटी पिस्टनच्या झिजलेल्या रिंगा. डिझेल फिल्टरखालची पाण्याची तोटी सोडून बघणं हे यातलं सगळ्यात सोपं काम, आणि तेच बऱ्याचदा राहून जातं.

नव्या डिझेल गाड्यांत अजून दोन भानगडी. डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) स्वतःला साफ करताना आतलं तापमान साधारण ६०० अंशांवर नेतो. त्यासाठी जादा डिझेल मारलं जातं. तेव्हा पंखा जोरात, जळका वास आणि थोडा पांढुरका धूर हे चालतं, फक्त मध्येच गाडी बंद करत जाऊ नका. दुसरी, ईजीआर कूलर. एक्झॉस्टचा गॅस कूलंटने गार करणारा हा डबा आतून चिरला की कूलंट एक्झॉस्टमध्ये, आणि गॅस कूलंटमध्ये. म्हणजे पांढरा धूर, उतरती पातळी, टणक होज, निळा द्रावही रंग बदलणार. सगळी लक्षणं हेड गॅस्केटची! डिझेलचं हेड उघडण्याआधी हा कूलर काढून वेगळा दाबाखाली तपासून घ्या. नाहीतर चांगलं हेड उघडून, नवं गॅस्केट टाकून धूर तसाच राहायचा.

गॅस्केटच निघालं तर काम करून घेताना काय बघायचं? हेड काढल्यावर गॅस्केट फेकू देऊ नका, हातात घेऊन बघा. सिलिंडरभोवतीच्या गोल कडेवर एका जागी काळा, जळका पट्टा पाण्याच्या भोकाकडे गेलेला दिसायला हवा. दोष दिसलाच नाही तर हेड किंवा ब्लॉक चिरलेला असू शकतो, आणि मग हेड वर्कशॉपमध्ये गरम पाण्यात दाबाखाली तपासल्याशिवाय बसवू नये. हेडचा बाक सरळ पट्टी आणि फीलर गेज लावून सहा दिशांनी मोजतात: दोन लांब कडा, दोन आखूड, दोन तिरक्या. बऱ्याच इंजिनांत ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या पुढे सूट नसते. तुमच्या इंजिनाचा आकडा कंपनीच्या मॅन्युअलमध्ये असतो. बाक असेल तर मशीनवर फेसिंग, म्हणजे पृष्ठभाग सपाट करून घेणं. ग्राइंडरला पॉलिशची चकती लावून अॅल्युमिनियम घासणारा दिसला तर थांबवा. त्याने पृष्ठभागाला खड्डे पडतात, आणि चकतीची बारीक पूड ऑइलच्या वाटांनी बेअरिंगपर्यंत पोचते.

बोल्ट ताणले जाणारे असतील तर नवेच हवेत, कारण ते एकदा ताणले की पूर्वीची पकड देत नाहीत. आवळायचे मधून बाहेरच्या क्रमाने, टप्प्याटप्प्याने, टॉर्क रेंचने आणि शेवटी सांगितलेल्या अंशांच्या कोनाने. ‘हाताला अंदाज आहे’ म्हणणाऱ्याकडे हे काम देऊ नका. सोबत थर्मोस्टॅट, झाकण, पंखा आणि पंप तपासून घ्या. ज्या कारणाने गाडी गरम झाली ते तसंच राहिलं तर नवं गॅस्केटही जाणार. ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलायचे, कूलंट भरल्यावर हवा नीट काढायची.

गळती बुजवायला रेडिएटरमध्ये ओतायच्या सीलरबद्दल नेहमी विचारलं जातं. ते फट ओळखत नाही. अरुंद जागा मिळेल तिथे बसतं, त्यात रेडिएटर आणि हीटरच्या नळ्याही आल्या. गाडी भंगारात काढायच्या आधी थोडे दिवस ढकलायची असेल तर वापरा, जिच्यावर खर्च करायचा आहे तिच्यात नको.

तोवर गाडी चालवावी का? पातळी हळू उतरत असेल, मिसिंग नसेल आणि डिपस्टिक स्वच्छ असेल, तर गॅरेजपर्यंत जायला हरकत नाही, कूलंट बरोबर ठेवून. काट्यावर मात्र पूर्ण विसंबू नका. कूलंट सेन्सरच्या खाली गेलं की सेन्सर मोकळ्या हवेत राहतो आणि इंजिन भाजत असताना काटा उलटा खाली येतो. केबिनचा हीटर चालू ठेवा; गरम हवा येता येता अचानक गार झाली तर पाणी संपलंय असं समजून गाडी लगेच बाजूला घ्या. महिनोन्महिने असं चालवू नका, कारण कूलंटमधली रसायनं ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरही खराब करतात.

आणि दुरुस्तीनंतर पहिल्या दिवशी पुन्हा पांढरा धूर दिसला तर लगेच मेकॅनिकशी भांडायला जाऊ नका. सायलेन्सरच्या डब्यात आधीच साचलेलं कूलंट जळून जायला वेळ लागतो. अर्धा-एक तास चांगल्या वेगाने चालवा. त्यानंतरही धूर असेल आणि बाटलीवरच्या रेघेखाली पातळी गेली असेल, तर गाडी परत न्या आणि दाबाची चाचणी स्वतः समोर उभं राहून करून घ्या.